जुनें जहाज : राखावें कीं मोडावें ?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मालवणहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हे गृहस्थ आतां तेथें वकिली करतात. वडील मासेमारीच्या धंद्यांत होते. वडिलांच्या पश्चात् त्यांची फायबरची होडी घरामागें माडांच्या सावलींत उपडी पडून आहे. होडी पंचवीस वर्षांची. अंगावरचा लेप जागजागीं फुगला आहे, इंजिन अडकविण्याची मागची फळी पोकळ वाजते, आणि इंजिन तर केव्हांच विकलें गेलें. डागडुजीचा खर्च विचारला तेव्हां कारागिरानें "एवढ्यांत नवी येईल" असें सांगितलें. पण आईला होडी मोडवत नाहीं. "सर, आपण वर्गांत जुन्या जहाजांविषयीं पुष्कळ सांगत होतां, आतां या होडीचें काय करावें तें आपणच सांगा," असा पत्राचा शेवट होता.

नाशिकच्या माणसाला होडीचा सल्ला विचारावा हें थोडें गमतीचेंच. गोदावरीचा पूर सोडला तर पाण्याशीं आम्हां नाशिककरांचा संबंध बेताचाच. तथापि प्रश्न मला परका वाटला नाहीं. जुन्या नाशकांतील वाड्यांच्या मालकांपुढें दर पावसाळ्यांत हाच प्रश्न उभा राहतो. सागवानी तुळई मधोमध ठणठणीत असते. पण तिचें भिंतींत शिरलेलें टोंक गळक्या कौलांच्या पाण्यानें कुजलेलें असतें. वाडा मोडला तर लांकडाचे पैसे येतात. राखला तर गांठचे जातात. वहींत या दोन रकमा शेजारीं शेजारीं मांडल्या कीं वाड्याचें मरण ठरलेंच. हा हिशेब खोटा नाहीं. पण तो पुरा आहे काय, एवढेंच पाहावयाचें आहे. आणि तें पाहण्यास जहाजांचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण जहाज ही मनुष्यानें केलेली अशी वस्तु आहे कीं, तिची देखभाल एक वर्ष चुकली तरी ती त्याची शिक्षा लगेच देते.

प्रथम जुन्या जहाजाची परीक्षा कशी करतात तें थोडक्यांत सांगतों. लांकडी जहाज असेल तर परीक्षक हातोडी आणि टोंचा घेऊन फिरतो. निकोप लांकूड खणखणतें, सडलेलें बद्द वाजतें, आणि संशयाच्या जागीं टोंचा किती खोल जातो यावरून निकाल होतो. समुद्राचें खारें पाणी लांकडाला कुजूं देत नाहीं आणि पावसाचें गोडें पाणी मात्र त्याला कुजवितें, ही गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटेल. पण लांकूड सडविणारी बुरशी खाऱ्या पाण्यांत वाढत नाहीं. म्हणून जुन्या जहाजाचा बुडालेला भाग पुष्कळदां वरच्या भागापेक्षां चांगला निघतो. दुसरी परीक्षा कण्याची. दोन्ही टोंकांखालीं पाण्याचा आधार कमी असल्यामुळें वर्षानुवर्षांनीं टोंकें खालीं झुकतात आणि मधला भाग कमानीसारखा वर येतो. एखादी फळी बदलतां येते. वांकलेला कणा सरळ करणें हें जवळजवळ नवें जहाज बांधण्यासारखेंच आहे. पोलादी जहाजाचा शत्रु गंज. तेथें ध्वनिलहरींच्या यंत्रानें पत्र्याची उरलेली जाडी मोजतात. फायबरची होडी म्हणजे काचेचे तंतु राळेंत बसवून केलेलें कवच. तिला ना गंज, ना वाळवी. म्हणून ती अमर आहे असा समज पसरला. परंतु पाणी वरच्या लेपांतून हळूहळू आंत झिरपतें आणि फोड येतात. आणि मजबुतीसाठीं कवचाच्या पोटांत लांकूड घातलेलें असेल तर तें कोणाच्या नजरेस न येतां कुजतें. माझ्या विद्यार्थ्याची मागची फळी पोकळ वाजते ती यामुळेंच.

ही झाली शरीराची परीक्षा. पण इतिहासांत जीं जहाजें वांचलीं तीं या परीक्षेंत उतरलीं म्हणून वांचलीं, असें दिसत नाहीं. याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे.

इ. स. १७३६ मध्यें सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर मुंबईस आला, आणि त्याच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत पुढें शतकाहून अधिक काळ जहाजें बांधलीं. मलबारचा साग ही या गोदीची खरी दौलत. विलायतेंतील ओक लांकडांतल्या आम्लानें लोखंडी खिळे झिजतात. सागांतील तेल उलट खिळ्यांना राखतें. या सागाची कीर्ति ऐकून ब्रिटिश आरमारानें आपलीं जहाजें मुंबईस बांधविण्यास आरंभ केला. १८१२ सालीं ज्या फ्रिगेटांची मागणी झाली त्यांत 'त्रिंकोमाली' ही एक. तिचे नकाशे 'जाव्हा' नांवाच्या जहाजावरून मुंबईस निघाले. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेनें 'जाव्हा'चा पाडाव केला आणि नकाशे जहाजाबरोबर गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत काळ गेला. शेवटीं १८१६ सालीं पारशी रिवाजाप्रमाणें चांदीचा खिळा ठोकून जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं तिचा कणा घातला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली.

पण तोंपर्यंत नेपोलियनचीं युद्धें संपलीं होतीं. ज्या कामासाठीं ती बांधली तें कामच उरलें नव्हतें. १८१९ सालीं ती पोर्टस्मथला पोंचली आणि पुढें १८४५ पर्यंत नुसती बांधून ठेवलेली राहिली. त्यानंतर तोफा कमी करून तिला पुन्हां सज्ज केलें. १८४७ ते १८५७ या दहा वर्षांत तिनें वेस्ट इंडीज आणि पॅसिफिक महासागर पाहिला. एवढ्यांत वाफेचीं आणि पोलादी जहाजें आलीं. मग ती राखीव नौसैनिकांना कवाईत शिकविण्याची शाळा झाली. १८९७ सालीं तीहि गरज संपली आणि ती मोडणाऱ्या व्यापाऱ्यास विकण्यांत आली.

येथें एका गृहस्थाच्या हट्टानें कथेस वळण मिळालें. जेफ्री व्हीटली कॉब यांनीं नेल्सनची जुनी नौका 'फुद्रॉयां' मोडणाऱ्यांच्या हातून सोडवून मुलांच्या शिक्षणासाठीं ठेवली होती. १८९७ च्या जूनमध्यें ती ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटली. कॉब यांनीं खचून न जातां तिच्या जागीं ही मुंबईची नौका घेतली आणि तिलाच 'फुद्रॉयां' हें नांव दिलें. नांव गेलें, पण प्राण राहिला. जवळजवळ नव्वद वर्षें, १९८६ पर्यंत, या नौकेवर मुलामुलींना शीड, दोर आणि वल्हीं यांचें शिक्षण मिळत होतें. १९८७ सालीं ती हार्टलपूल येथें नेली, १९९० सालीं जीर्णोद्धारास आरंभ झाला, मधेंच तिला तिचें मूळ नांव परत मिळालें, आणि सुमारें एक कोटि पांच लक्ष पौंड खर्चून २००१ सालीं तें काम पुरें झालें. निम्म्याहून अधिक लांकूड अद्याप मूळचेंच आहे. ब्रिटनमध्यें पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून आज लोक जिचें दर्शन घेतात ती मुंबईच्या गोदींतली आहे, हें आपल्यांतील किती जणांस ठाऊक असेल ?

आतां तिच्या शेजारणीची कथा ऐका. पोर्टस्मथच्या बंदरांत 'फुद्रॉयां'च्या शेजारीं 'इम्प्लॅकेबल' नांवाची आणखी एक जुनी नौका बांधलेली असे. ही मूळची फ्रेंच. १८०५ सालीं ट्रॅफल्गारच्या रणांतून निसटली आणि थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या हातीं पडली. ऐतिहासिक योग्यतेच्या दृष्टीनें पाहतां 'त्रिंकोमाली' तिच्यापुढें कांहींच नव्हे. कारण 'त्रिंकोमाली'नें एकहि मोठी लढाई मारलेली नाहीं. तिलाहि कॉब यांनींच वांचविलें होतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांत देखभाल थांबली, शरीर खंगलें, आणि युद्धानंतरच्या ओढगस्तींत दुरुस्तीस पैसा मिळेना. २ डिसेंबर १९४९ रोजीं ब्रिटन व फ्रान्स या दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें लावून तिला इंग्लिश खाडींत सुरुंगानें बुडविण्यांत आलें. मग पश्चात्ताप झाला. या अपराधाची आठवण पुढें इंग्लंडांत जुनीं जहाजें राखणाऱ्यांचें घोषवाक्यच होऊन बसली.

दोघी शेजारणी, दोघींचा पालक एक, आणि गति मात्र निराळी. हा फरक कशामुळें पडला ? सागाचा वांटा त्यांत आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, 'त्रिंकोमाली'ला प्रत्येक काळांत कांहीं ना कांहीं काम होतें. ज्या जहाजावर रोज पन्नास मुलें वावरतात तेथें गळणारी फळी दुसऱ्या दिवशीं कळते. ज्याच्याकडे वर्षांतून एकदां पुढारी हार घेऊन येतो तेथें ती दहा वर्षांनीं कळते. 'वॉरियर' या १८६० सालच्या लोखंडी युद्धनौकेची कथा तर याहून विलक्षण आहे. ती कित्येक वर्षें तेलवाहू जहाजांचा नुसता धक्का म्हणून राबली. हलकें काम खरें, पण त्या कामानेंच ती जिवंत ठेवली. तिचा जीर्णोद्धार हार्टलपूललाच झाला आणि १९८७ सालीं ती तेथून गेली. त्याच वर्षीं 'त्रिंकोमाली' तेथें आली. एका जहाजावर शिकलेले हात दुसऱ्यास तयार मिळाले. जीर्णोद्धार पैशानें होतो असें आपण म्हणतों. पण पैसा असून सुतार नसेल तर पैशाचा उपयोग काय?

या कसोटीवर आपल्या 'विक्रांत'ची कथा लावून पाहिली म्हणजे मन खिन्न होतें. तिचा जन्महि 'त्रिंकोमाली'सारखाच. 'हर्क्युलीस' या नांवानें १९४५ सालीं ती पाण्यांत उतरली, तोंच महायुद्ध संपलें आणि काम अर्धवट थांबलें. १९५७ सालीं भारतानें ती घेतली, बेलफास्टला ती पुरी झाली, आणि ४ मार्च १९६१ रोजीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितींत आपल्या नौदलांत आली. १९७१ सालीं तिच्या चार बाष्पपात्रांपैकीं एकाला तडा गेला होता. अशा अधू नौकेला युद्धांत न्यावें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांहि होता. नौदलानें तीन बाष्पपात्रांवर ती बंगालच्या उपसागरांत नेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें जो मारा केला त्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे त्या वेळीं वैगुण्य पाहून नव्हे, तर हातीं असलेलें काम पाहून निर्णय झाला.

३१ जानेवारी १९९७ रोजीं ती निवृत्त झाली आणि मुंबईस संग्रहालय म्हणून उभी राहिली. लोक गेले, मुलें गेलीं, अभिमानानें ऊर भरून परत आले. परंतु तिचा कायमचा पालक कोण, हें मात्र ठरलें नाहीं. नौदलाला गोदींतली जागा हवी होती, राज्य शासनाला खर्च उचलणारा भागीदार मिळत नव्हता, आणि या वाटाघाटींत वर्षांमागून वर्षें गेलीं. गंज वाटाघाटींची वाट पाहत नाहीं. २०१२ सालीं नौका धोक्याची ठरून लोकांस बंद झाली. २०१४ च्या आरंभीं सुमारें साठ कोटि रुपयांस ती विकली गेली. प्रकरण उच्च न्यायालयांत आणि मग सर्वोच्च न्यायालयांत गेलें. पण तोंपर्यंत न्यायाधीशांपुढें नौका नव्हतीच, तिचा सांगाडा होता. ऑगस्टांत याचिका फेटाळली गेली आणि नोव्हेंबरांत दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिच्यावर हत्यार चाललें. तिचें कांहीं पोलाद पुढें मोटारसायकलींत गेलें. २०१६ सालीं मुंबईंत एक स्मारक उभें राहिलें. 'विराट'चीहि तीच गत. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र मंत्रिमंडळानें निवतीजवळ तिचें संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना संमत केली, आणि २०२० च्या सप्टेंबरांत ती अलंगला मोडण्यास निघाली.

कोणा एकाला दोष देणें सोपें आहे. मला येथें दोष द्यावयाचा नाहीं; कदाचित् विक्रांत राखणें आपल्या शक्तीबाहेरचेंहि असेल. सात-आठशें फूट लांबीचें पोलादी जहाज समुद्रांत राखणें हा गरीब देशाचा खेळ नव्हे, असें कोणी १९९७ सालींच स्पष्ट म्हटलें असतें तर तें प्रामाणिकपणाचें झालें असतें. तिचा एखादा भाग, एखादें यंत्र, तिचा पूल नीट काढून जमिनीवर राखतां आला असता. आपण मोडण्याचा निर्णय घेतला नाहीं आणि राखण्याचाहि घेतला नाहीं. आणि जुन्या जहाजाच्या बाबतींत निर्णय न घेणें म्हणजे मोडण्याचाच निर्णय, फक्त अधिक खर्चाचा. माझा आक्षेप आहे तो या सवयीवर.

ही संवय आपल्यांत जुनी आहे. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशवे व इंग्रज यांच्या जोडमोहिमेंत विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. दुर्ग उभा आहे, कागद आहेत, पण ज्या गलबतांनीं अर्धशतक किनारा राखला त्यांतील एकहि आज दाखवितां येत नाहीं. आणि तीं गलबतें कशीं वळत, किती वारा सोसत, हें आतां कागदावरून कसें कळावें ? २०२५ सालीं आपल्या नौदलांत 'कौंडिण्य' हें शिडाचें जहाज दाखल झालें. खिळा न मारतां, काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून तें बांधलें. नमुना म्हणून हाताशीं होतें तें अजिंठ्याच्या लेण्यांतील एका जहाजाचें चित्र. तें पार पडलें, कारण केरळांत फळ्या शिवणारे हात अजून शिल्लक होते. जहाजें सारीं गेलीं. विद्या थोडीशी उरली. आणि त्या थोड्याशा विद्येनें जहाज परत आणलें. उलट, विद्या गेली असती तर संग्रहालयांतल्या सांगाड्यानें तें आणलें असतें असें वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, फळ्या बदलीत गेलें तर शेवटीं जुनें जहाज राहिलेंच कोठें ? शंका जुनी आहे. ज्या 'कॉन्स्टिट्यूशन'नें त्रिंकोमालीचे नकाशे बुडविले तीहि आज बोस्टनला तरंगते आहे. १८३० सालीं ती मोडणार अशी बातमी आली तेव्हां ऑलिव्हर वेंडेल होम्स या तरुणाच्या एका कवितेनें लोकमत खवळलें आणि ती वांचली. विसाव्या शतकांत शाळकरी मुलांनीं पैसा पैसा जमवून तिची दुरुस्ती करविली. तिचें मूळ लांकूड आतां थोडेंच उरलें आहे. तरी ती तीच आहे असें लोक मानतात, कारण तिची देखभाल मधें कधीं फार काळ तुटूं दिली गेली नाहीं. आपल्या घराण्याचेंहि असेंच नाहीं काय ? माणसें बदलतात, घर चालू राहतें.

तर मग मालवणच्या होडीचें काय ? मीं उत्तरांत लिहिलें तें थोडक्यांत देतों. पहिला प्रश्न : या होडींत असें काय आहे कीं जें पुन्हां करतां येणार नाहीं ? फायबरची होडी सांच्यांत ओततात. एका सांच्यांतून अशा कितीतरी निघतात. म्हणून कवचाची अपूर्वता मनांतून काढा. अपूर्व होतें तें वडिलांचें ज्ञान. कोणत्या वाऱ्यावर कोठें जावें, खडक कोठें आहेत, कोणत्या महिन्यांत कोणता मासा कोठें लागतो, हें त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारून आजच लिहून ठेवा. तें होडीच्या आधीं नाहीसें होईल. दुसरा प्रश्न : होडीला काम आहे काय ? घरांतील कोणी तीवर जाणार नसेल, तर तिला रंगवून अंगणांत ठेवूं नका. ती विक्रांतचीच लहान प्रत होईल. तिसरा प्रश्न : दहा वर्षांनीं तिला कोण हात लावील ?

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लांकडी होडी मोडली तर सरपण होतें, पोलादी मोडली तर भट्टींत जाऊन पैसे येतात. फायबरच्या होडीचें मोडून कांहींच होत नाहीं. ती जळतां विषारी धूर देते आणि पुरली तरी मातींत मिळत नाहीं. म्हणून "मोडून टाका" हा सल्ला येथें वाटतो तितका स्वस्त नाहीं. कारागिरानें जो अंदाज दिला तो बहुधा जड इंजिन सोसेल अशा दुरुस्तीचा असेल. इंजिनाचा हट्ट सोडा. हातोडीनें सबंध होडी ठोकून पाहा. कुजलेली मागची फळी तेवढी कापून नवी बसवा. फोड घासून, होडी महिनेच्या महिने वाळवून मग नवा लेप द्या. आणि मुलांना खाडींत वल्हीं मारण्यास शिकवा. तेवढ्या कामाला ती पुष्कळ वर्षें पुरेल. मुलांना नको असेल, तर एखाद्या शाळेला वा होतकरू मच्छीमाराला द्या. तेंहि नको असेल, तर आईंची समजूत घालून तिला निरोप द्या. तिन्हींपैकीं कांहींहि चालेल. होडी उपडी ठेवली हें बरें केलें. पावसाचें पाणी तिच्यांत सांचलें नाहीं. पण तेवढ्यावर विसंबूं नका.

गोव्याच्या मांडवीकांठीं बांधलेली 'म्हादेई' ही नौका याच जातीची, लांकडाच्या गाभ्यावर फायबरचें कवच असलेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं कोठेंहि न थांबतां ती केली. आपल्या काळाची 'त्रिंकोमाली' म्हणावी तर ती हीच. ती थकेल तेव्हां तिच्यासाठीं पालक, काम आणि शिकलेले हात यांची तजवीज आपण आधींच केलेली असेल, कीं पुन्हां न्यायालयाच्या दारांत सांगाडा घेऊन उभे राहूं ?

मालवणहून पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. होडी उपडीच असावी. पुढचा पावसाळा मात्र आपल्या वेळेवर येईल.